जिंकलेला सामना आणि न मिळालेली कप्तानी



दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या शाळांना खेळाचे वारे लागते. केंद्रस्तर, मग तालुका, मग जिल्हा. शिरोड्यात तर तोवर भाताची कापणी आटोपलेली असते, मळे मोकळे होतात आणि शाळा सुटली की मुले तिथेच यष्ट्या रोवतात. याच दिवसांत निबंधाच्या वहीत 'माझा आवडता खेळ' आणि 'माझा आवडता खेळाडू' हे विषय येतात. खेळाडू ठरलेले, वाक्येही ठरलेली. मेहनत केली, जिद्द ठेवली, देशाचे नाव उज्ज्वल केले. वही मिटली.

मला वाटते, खेळातल्या विजयाची गोष्ट आपण मुलांना अर्धीच सांगतो. कोण जिंकले, कितीने जिंकले, एवढे सांगून थांबतो. त्या विजयात कोणाला खेळायला मिळाले, कोणाला नुसते राबायला मिळाले आणि कप्तान कोणाला केले, हे सांगत नाही. ही उरलेली अर्धी गोष्ट सांगितली पाहिजे, असे माझे मत आहे. त्यासाठी एक खरे उदाहरण घेतो. ते आपल्या महाराष्ट्रातले आहे, सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे, आणि त्यातल्या नायकाचे आडनाव कोकणातले आहे.

१९०६ चा सामना

वंगभंगाची चळवळ पेटली होती, स्वदेशीचे वारे होते. त्या काळात मुंबईत क्रिकेटचे क्लब धर्म आणि वंश पाहून बनलेले असत. गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना वेगळा, पारशांचा वेगळा, मुसलमानांचा वेगळा. हिंदूंचा पी. जे. हिंदू जिमखाना १८९४ साली निघाला. गोऱ्यांशी टक्कर घ्यायचा मान तोवर पारशांचा होता. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंचा संघ युरोपियनांशी खेळायला उतरला.

धावफलक असा होता. हिंदू, पहिला डाव २४२. युरोपियन १९१. हिंदू, दुसरा डाव १६०. म्हणजे युरोपियनांना जिंकायला २१२ हव्या होत्या. ते १०२ धावांत आटोपले. हिंदूंचा संघ १०९ धावांनी जिंकला.

राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवले, म्हणून शहरभर आनंद झाला. पुढच्या वर्षापासून पारशी, युरोपियन आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला आणि ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये उरलेल्यांचा संघ आल्यावर पंचरंगी झाली. धर्माच्या नावाने संघ पाडणे बरे नव्हे, असे गांधीजींनी १९४० साली स्पष्ट सांगितले, आणि १९४६ नंतर ही स्पर्धा बंद पडली.

त्या १९०६ च्या विजयी संघात दोन सख्खे भाऊ होते. थोरले बाळू आणि धाकटे शिवराम पालवणकर. बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज. युरोपियनांची दाणादाण उडवण्यात त्यांचा वाटा मोठा होता. हे भाऊ चर्मकार समाजातले, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. संघातले बाकीचे बहुतेक उच्चवर्णीय.

आपली नेहमीची गोष्ट इथे संपते. 'खेळाने भेद मिटवले' असे एक वाक्य लिहून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. पण भेद खरेच मिटले का, हे पाहायला थोडे मागे जावे लागेल.

रोलर फिरवणारा मुलगा

पालवणकर या आडनावातच गाव आहे, कोकणातले पालवण. बाळूंचा जन्म मात्र १८७६ चा, धारवाडचा. वडील लष्करी नोकरीत, त्यामुळे बालपण पुण्यात गेले. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर भाऊ खेळायला शिकले.

बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात होती. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, आणि सभासदांना सरावाला मधूनमधून चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये. पुढे ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले आणि पगार ४ रुपये झाला. काम तेच. खेळपट्टी तयार करायची, रेषा आखायच्या, जाळी उभारायची. तिथे जे. जी. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज रोज सरावाला येई. बाळू त्याला तासन्‌तास चेंडू टाकत. बाद केले की तो आठ आणे बक्षीस देई, अशी आख्यायिका आहे. आठ आणे खरे असोत वा नसोत, त्या सरावाने बाळूंची गोलंदाजी घडली हे खरे.

या साऱ्या वर्षांत बाळूंनी हजारो चेंडू टाकले असतील. पण पूना क्लबाच्या सरावात त्यांना फलंदाजी कधी करू दिली नाही. बॅट साहेबाच्या हातात, चेंडू नोकराच्या हातात. गोलंदाजी म्हणजे घाम, फलंदाजी म्हणजे मान.

हे मी वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, तेंका बॅटिंग कित्याक नाय?" मी उत्तर दिले नाही. उलट विचारले, "आपल्या मैदानावर बॅट कोणाची असते? आणि ती ज्याची असते तो पहिला येतो की नाही?" वर्ग हसला. मग थोडा गप्प झाला. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, हा नियम कोणत्याही पुस्तकात नाही, पण सगळ्यांना पाठ असतो.

मैदानात एक, चहाला वेगळे

पुण्यातल्या हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायचे होते. गोऱ्यांना रोज चकवणारा गोलंदाज तर गावातच होता. घ्यावे की न घ्यावे, यावर वाद झाले. शेवटी घेतले, कारण जिंकायचे होते.

पण कसे घेतले, ते बघा. मैदानावर बाळूंनी हाताळलेला चेंडू सगळे हाताळत. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये बसत. बाळूंना चहा बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात. जेवणही वेगळे, वेगळ्या जागी. तोंड धुवायला पाणी द्यायलाही त्यांच्याच समाजातला माणूस लागे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी यावर बोट ठेवले. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर चहा प्यायला आणि जेवायला काय हरकत आहे, असा त्यांचा साधा सवाल होता. आजही वर्गात विचारावा असाच हा प्रश्न आहे, कारण त्याला पळवाट नाही.

पुण्यात प्लेग आला, बाळू मुंबईला गेले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. मुंबईत वागणूक पुण्याहून बरी होती, पंगतीतही जागा मिळू लागली. १९०६ च्या विजयानंतर मुंबईच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकी साप्ताहिकाने या भावांच्या प्रवेशाकडे आवर्जून लक्ष वेधले आणि खेळाने तरुणांची मने मोकळी केली असा निर्वाळा दिला.

मग आता तरी म्हणावे ना, भेद मिटले? अजून थांबा.

कप्तान कोण?

१९११ साली भारताचा पहिला प्रातिनिधिक संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज. संघाने २३ सामन्यांपैकी १५ गमावले. पण बाळूंनी त्या एका दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. तेव्हा ते पस्तिशीत होते. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र लिहिणारा तरुण होता भीमराव आंबेडकर.

इतका अनुभवी, इतका यशस्वी खेळाडू असताना हिंदू संघाची कप्तानी कोणाकडे जावी? वर्षामागून वर्षे निवडणूक होत राहिली आणि वर्षामागून वर्षे ती उच्चवर्णीय खेळाडूकडे जात राहिली. एम. डी. पै हे त्यांतले एक कप्तान. हा मान खरे तर ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता, हे पैंनी स्वतःच एका सत्कारात बोलून दाखवले. हे बोलायला धैर्य लागते, म्हणून पैंचे नावही मुलांना सांगावे. तरी कप्तान बदलला नाही.

दरम्यान गणपत आणि विठ्ठल हे धाकटे भाऊही खेळू लागले होते. विठ्ठल तर उत्तम फलंदाज निघाले. बॅटिंग न मिळालेल्या माणसाचा धाकटा भाऊ फलंदाज झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

१९२० साली नियमित कप्तान आजारी पडले. जागा रिकामी झाली तेव्हाही ती पालवणकरांना दिली नाही. उलट बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि त्याचे कारण जाहीर निवेदनात सांगितले. जात पाहून कप्तान ठरत असेल तर आम्ही खेळणार नाही, असा त्याचा मथितार्थ होता. लोकमत त्यांच्या बाजूला झुकले. अंतिम सामन्याला भाऊ परत आले, बाळू उपकप्तान झाले, आणि पै काही काळ मैदानाबाहेर जाऊन बसले, म्हणजे तेवढा वेळ तरी बाळूंनी संघाचे नेतृत्व करावे.

१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले आणि संघ युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकला. लोकांनी कप्तानाला खांद्यावर उचलून घेतले.

१९०६ ते १९२३ ही सतरा वर्षे मोजा. संघात घ्यायला जिंकण्याची गरज पुरली. कप्तान करायला मात्र सतरा वर्षे, दोन भावांचा बहिष्कार आणि एक जाहीर निवेदन लागले. बाळूंना पूर्ण कप्तानी कधी मिळालीच नाही.

मुलांपर्यंत पोहोचायला हवा तो मुद्दा इथे आहे. संघात घेणे वेगळे आणि नेतृत्व देणे वेगळे. पहिले आपल्या फायद्यासाठीही करता येते. दुसरे करायला त्या माणसाचा शब्द ऐकायची तयारी लागते.

हे फक्त आपल्याकडेच होते का?

नाही. ज्या इंग्लंडकडून आपण खेळ शिकलो, तिथेही त्याच काळात असाच झगडा चालला होता. तिथे जात नव्हती, वर्ग होता.

रग्बी हा चेंडू हातात घेऊन पळण्याचा धसमुसळा खेळ. उत्तर इंग्लंडमध्ये तो खाणकामगार आणि गिरणीकामगार खेळत. शनिवारी सामन्याला जायचे तर त्यांची मजुरी बुडे. क्लब म्हणाले, बुडालेली मजुरी आम्ही भरून देतो. लंडनचे धुरीण म्हणाले, छे, खेळ हौसेचा, पैसे घेतले तर खेळाची पवित्रता जाईल. ज्यांना मजुरी बुडायची भीतीच नव्हती, त्यांना हे बोलणे सोपे होते. १८९५ साली उत्तरेचे क्लब हडर्सफील्ड गावात जमले आणि वेगळे झाले. त्यांच्या खेळाला पुढे रग्बी लीग असे नाव पडले.

लीड्स शहरातल्या हन्स्लेट या कामगार वस्तीच्या क्लबाने १९०७-०८ च्या हंगामात त्या खेळातले चारही चषक जिंकले. एकाच हंगामात चारही चषक, हे त्याआधी कोणाला जमले नव्हते. त्यांचा कप्तान अल्बर्ट गोल्डथॉर्प तेव्हा छत्तिशीत होता. बाळूंच्या विजयानंतर दोनच वर्षांनी घडलेली ही गोष्ट.

त्या क्लबाची तारीफ करताना लोक चार चषक मोजतात. मी मुलांना पाचवी गोष्ट मोजायला सांगतो. मजुरी भरून द्यायचे ठरले नसते, तर त्यांतले किती जण मैदानावर येऊ शकले असते?

आता आपल्या शाळेत या

आपण कोणी मातीच्या भांड्यात चहा देत नाही. पण पुढचे प्रश्न स्वतःला विचारून पाहूया.

सराव सकाळी साडेसहाला ठेवला. किनाऱ्याजवळ राहणारा एक मुलगा येत नाही. का? तर वडिलांबरोबर रापण ओढायला गेलेला असतो. काजूच्या हंगामात काही मुली येत नाहीत, कारण बी गोळा करायला आईला हात हवा असतो. आपण वहीत काय लिहितो? 'अनियमित.' मग संघ निवडताना म्हणतो, शिस्त नाही. हीच ती बुडालेली मजुरी. लंडनच्या धुरीणांचे वाक्य आपण वेगळ्या शब्दांत बोलतो, एवढेच.

आता कप्तानी. संघात सगळ्या वाड्यांची मुले असतात, आपण त्याचा अभिमानही बाळगतो. पण मागच्या पाच वर्षांतल्या कप्तानांची नावे एका कागदावर लिहून काढा. ती कोणाकोणाची मुले होती? ज्यांचे पालक शाळेत येऊन बोलू शकतात त्यांची किती? ज्यांनी बूट आणि बॅट आणली त्यांची किती? "सर, आमच्या झिलाक कप्तान करा हां," असे म्हणणारे पालक वाईट नसतात, त्यांना मुलाचे कौतुक असते. पण असे म्हणायला शाळेची पायरी चढण्याची हिंमत लागते, आणि ती प्रत्येक घराकडे नसते. जे घर येऊन बोलत नाही, त्या घराच्या मुलासाठी कोणी बोलायचे? ते काम आपले.

मुलींचे तर विचारूच नका. मैदानाच्या कडेला पाण्याचा जग घेऊन कोण उभे असते आणि उद्‌घाटनाला आरतीचे ताट कोणाच्या हातात असते, एवढे पाहिले तरी पुरे.

मैदान आखणारा शिपाई, चुना टाकणारी मुले, हेही विजयी संघाच्या फोटोत हवेत. आपल्या शिरोड्यात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. आपण तो अभिमानाने शिकवतो, शिकवलाच पाहिजे. पण त्याच मिठागरात वर्षानुवर्षे उन्हात अनवाणी राबणाऱ्या माणसांबद्दल आपण मुलांना किती ओळी सांगतो? सत्याग्रहाचा दिवस पाठ असतो. मीठ रोज कोण काढत होते, ते पाठ नसते. खेळाच्या इतिहासाचेही तसेच आहे. सामना पाठ, रोलर कोण फिरवत होता ते नाही.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा येतो की लहान मुलांना जातीपातीचे कशाला सांगायचे? त्यांच्या मनात नसलेले आपणच भरतो. मला हे पटत नाही. मुलांच्या मनात ते आधीच असते. कोणाच्या घरी पाणी प्यायचे, कोणाच्या डब्यातले खायचे, हे पाचवीतल्या मुलाला बरोबर ठाऊक असते. आपण बोललो नाही तर त्याला एवढेच कळते की हा विषय बोलायचा नसतो. गोष्टीच्या आधाराने बोलले तर कोणाकडे बोट न दाखवता बोलता येते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कप्तान गुणांवर ठरावा, दयेवर नाही. अगदी मान्य! पण बाळूंच्या बाबतीत गुणांचा हिशेब कोण चुकवत होते? सगळ्यांत जास्त बळी ज्याचे, सगळ्यांत जास्त अनुभव ज्याचा, त्यालाच वगळले जात होते. गुणांचा आग्रह धरणाऱ्यांनीच ही गोष्ट सर्वांत आधी शिकवायला हवी. गुण आधी लिहून काढा, मग माणूस निवडा. आपण बहुधा उलटे करतो. माणूस आधी निवडतो आणि मग त्याला शोभतील असे गुण शोधतो.

तिसरा आक्षेप इतिहासाच्या बाजूने येतो. बाळू पुढे राजकारणात गेले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे, आणि १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसकडून डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. ज्याने मानपत्र लिहिले त्याच्याच विरोधात. मग हे सांगायचे की लपवायचे? माझ्या मते आठवी ते दहावीच्या मुलांना सांगायचे. एकाच अन्यायाचे चटके सोसलेली दोन मोठी माणसे वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात, हे मुलांना कळू दे. पुतळे करून ठेवले की माणसे शिकवता येत नाहीत.

वर्गात काय करता येईल?

पाठ तयार करणाऱ्यांसाठी काही सोप्या कल्पना देतो. साहित्य लागत नाही, फळा आणि मैदान पुरे.

गणित, पाचवी ते सातवी. फळ्यावर चार आकडे लिहा: २४२, १९१, १६०, १०२. युरोपियनांना जिंकायला किती धावा हव्या होत्या आणि ते कितीने हरले, हे मुलांना काढू द्या. उत्तर आले की विचारा, "या आकड्यांतून काय कळले नाही?" त्या प्रश्नाची यादी फळ्यावरच करा. माझ्या वर्गात यादीत आले ते असे: जेवायला काय होते, पाऊस होता का, आणि चेंडू आणून देणारी पोरे कोण होती. शेवटचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी दहापैकी अकरा गुण दिले.

भूगोल. पालवण, धारवाड, पुणे, मुंबई आणि लंडन ही गावे नकाशावर दाखवून रेषा ओढा. आपल्या गावातल्या आडनावांतून गावे शोधायला सांगा. रेडकर, आरोलकर, शिरोडकर. मुले घरी जाऊन आजोबांना विचारतात आणि दुसऱ्या दिवशी वर्ग भरून गजाली आणतात.

मराठी निबंध. 'बॅटचे आत्मवृत्त' खूप झाले. या वर्षी 'मैदानावरच्या रोलरचे आत्मवृत्त' द्या. मुद्दे असे: पहाटे मला कोण ओढते, त्याचे हात कसे आहेत, सामना सुरू झाला की मला कुठे ढकलून ठेवतात, टाळ्या वाजतात तेव्हा मला काय ऐकू येते, आणि बक्षीस समारंभात मला ओढणारा कुठे उभा असतो. वाक्ये मुलांची मुलांनाच सुचू द्या, आपण मुद्द्यांपुढे जाऊ नये.

मोठ्या वर्गांसाठी. विठ्ठल पालवणकर यांनी स्वतःची कहाणी मराठीत लिहून ठेवली आहे. पुस्तकाचे नाव 'माझे क्रीडा-जीवन', प्रकाशन १९४८. एका मोठ्या वाचनालयात चौकशी करण्याचा उपक्रम मुलांना द्या. पुस्तक मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले तर अशी पुस्तके सहज का मिळत नाहीत, हाही चर्चेचा विषय आहेच.

मैदानावर. महिनाभर कप्तान रोज बदला. हजेरीपटाच्या क्रमाने, मुलगा-मुलगी न पाहता. कप्तानाची तीन कामे आधी सांगा: जागा ठरवणे, क्रम ठरवणे, आणि हरल्यावर सगळ्यांना एकत्र बसवून बोलणे. महिन्याच्या शेवटी मुलांनाच चिठ्ठीवर नाव लिहू द्या, पण नावापुढे कारण लिहिण्याची अट घाला. जो कधी तोंड उघडत नव्हता तो किती छान क्षेत्ररचना करतो, हे तुम्हालाच दिसेल. स्पर्धेसाठी कप्तान मग त्यातूनच ठरवा.

सरावाची वेळ. ठरवण्याआधी मुलांना विचारा, कोणाला कधी जमते. रापणीचा मुलगा दुपारी येऊ शकत असेल तर आठवड्यातले दोन सराव दुपारी ठेवायला काय हरकत आहे?

पालकांना दोन शब्द

पालकहो, तुमचे मूल कप्तान झाले नाही तर वाईट वाटेल, साहजिक आहे. पण घरी आल्यावर "तू का नाही झालास?" याऐवजी "तुमच्या कप्तानाने आज काय चांगले केले?" असे विचारून बघा. दुसऱ्याच्या नेतृत्वाखाली मनापासून खेळता येणे, हेही शिकायचे असते. एम. डी. पै काही वेळ मैदानाबाहेर जाऊन बसले, तो त्यांच्या खेळातला सर्वांत मोठा डाव होता असे मला वाटते. आपल्या मुलांना असे बाहेर बसता आले, तर ती कुठेही गेली तरी माणसांत शोभतील.

आणि एक विनंती. बूट, बॅट, गणवेश देणगी म्हणून देणार असाल तर अवश्य द्या, शाळेला गरज असते. पण ती शाळेच्या पेटीत द्या. एकदा पेटीत पडली की ती सगळ्यांची झाली, आणि पहिली बॅटिंग कोणाची हे मग चिठ्ठी ठरवेल.

यंदा तालुक्याला जाणारा आपला संघ जिंको किंवा हरो. परत आल्यावर फोटो काढताना एवढे करूया: चषक मधल्या मुलाच्या हातात न देता आधी मैदान आखणाऱ्याच्या हातात देऊया. मग तो हातोहात पुढे जाऊ दे.